रूळ ओढणारा गोलंदाज : बाळू पालवणकर

यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्याच, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला आणि मी जरा गांगरलो. मी डिप्लोमा झालेला इंजिनिअर. रेल्वेत नोकरी, रुळांच्या देखभालीचे काम. लिहिणे म्हणजे रजिस्टर भरणे आणि रिपोर्ट पाठवणे, एवढीच आमची साहित्यसेवा! पण क्रिकेटचे वेड शाळेपासूनचे आहे. आपल्या मंडळात क्रिकेटवर गप्पा निघाल्या की आरतीची वेळ टळते, हे आपण सर्व जाणताच. तेव्हा विषय क्रिकेटचाच घ्यावा असे ठरवले.

आपण राहतो ते बंगळूर हे फिरकी गोलंदाजांचे शहर. प्रसन्ना, चंद्रशेखर, कुंबळे ही नावे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतात. धारवाड भागातल्या गदगहून आलेले डावखुरे सुनील जोशीही आपल्याला आठवतात. पण त्या सर्वांच्या कितीतरी आधी, भारताचा पहिला कसोटी सामना व्हायच्या कितीतरी वर्षे आधी, एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने इंग्लंडमध्ये जाऊन एका दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले होते. त्याचा जन्म धारवाडचा, घर मराठी, आणि नोकरी काही काळ रेल्वेची. म्हणजे तिन्ही बाजूंनी आपलाच माणूस. त्यांचे नाव बाळू पालवणकर. इंग्रजी वर्तमानपत्रे त्यांना पी. बाळू म्हणत.

धारवाड ते पुणे

पालवणकर हे मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडचे घराणे. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील फौजेच्या चाकरीत होते. त्यामुळे बाळूंचा जन्म गावाकडे न होता १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. आज आपण बंगळूरहून रात्री गाडीत बसतो आणि सकाळी धारवाडला उतरतो, पण बाळूंच्या जन्माच्या वेळी त्या गावाला रेल्वेच पोहोचलेली नव्हती.

पुढे कुटुंब पुण्याला आले. लष्करी छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळू लागले. शाळा फार झाली नाही, कारण घराला हातभार लावणे भाग होते. पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात बाळूंना पहिली नोकरी मिळाली. काम काय, तर मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ ओढणे. पगार महिना ३ रुपये. अधूनमधून क्लबाच्या सभासदांना सरावासाठी चार चेंडू टाकायला मिळत.

१८९२ मध्ये ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात कामाला लागले. पगार एक रुपयाने वाढला, म्हणजे ४ रुपये झाला. काम तेच. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, सरावाची जाळी उभारायची, टेनिसचे कोर्ट आखायचे. आम्हा रेल्वेवाल्यांना रूळ शब्द आला की लोखंडी पट्टीच दिसते, पण मैदानावरचा रूळ ओढणे हे कामही काही वेगळे नाही. पाया सपाट आणि घट्ट करायचा, एक सूतही वरखाली राहू द्यायचे नाही, आणि मग बाजूला होऊन उभे राहायचे. त्यावरून धावणारे दुसरेच असतात.

आठ आण्यांची विकेट

पूना क्लबात ट्रॉस नावाच्या एका साहेबाने या पोऱ्याला जाळीत गोलंदाजी करायला सांगितले. चेंडू कसा पडतो हे पाहून इतरही बोलावू लागले. त्या क्लबात कॅप्टन बार्टन म्हणून एक डावखुरे गोलंदाज होते. त्यांची संथ, सहज लय पाहून बाळूंनी आपली शैली घडवली असे म्हणतात. शिकवायला कोणी प्रशिक्षक नव्हता. जे दिसेल ते उचलायचे आणि उन्हात तासन्‌तास टाकत राहायचे, हीच त्यांची अकादमी.

क्लबातला सर्वोत्तम फलंदाज म्हणजे कॅप्टन ग्रेग. लोक त्यांना जंगली ग्रेग म्हणत. हे ग्रेगसाहेब इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंकडून सराव करून घेत. बाळूंनी बाद केले की प्रत्येक वेळी ते आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. महिना ४ रुपये पगार असलेल्या मुलाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई. ग्रेग यांची फलंदाजी बाळूंवर सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी ग्रेग यांच्यावर.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इतकी वर्षे त्या क्लबात शेकडो तास गोलंदाजी करूनही बाळूंच्या हाती कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता आणि गोलंदाजी हे चाकराचे काम. कामाला चालतो पण मानाला चालत नाही, हा हिशोब बाळूंच्या आयुष्यात इथून सुरू झाला. तो पुढे किती ठिकाणी आडवा आला ते आपण पाहूच.

त्यांच्या गोलंदाजीविषयी थोडे सांगतो. ते डाव्या हाताने संथ फिरकी टाकत. असा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजापासून बाहेरच्या बाजूला वळतो. नुसते वळवणे पुष्कळांना येते. पण बाळू एकाच हालचालीतून वेग कमीजास्त करत, चेंडूला उंची देत, आणि फलंदाजाला पुढे खेचून चकवत. टप्प्यावर हुकमत इतकी की दिवसभर टाकले तरी हात ढिला पडत नसे.

पव्हेलियनबाहेरचा चहा

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या क्लबाशी सामना जिंकायची फार इच्छा होती. पण त्यासाठी लागणारा गोलंदाज तर साहेबांच्या मैदानावर रूळ ओढत होता! त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. ज्याची सावली चालत नाही त्याच्या हातचा चेंडू कसा झेलायचा, असा प्रश्न त्या काळच्या सुशिक्षित मंडळींनाही पडला होता. अखेर जिंकण्याची ओढ जिंकली आणि बाळूंना संघात घेतले.

मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता. चहाची वेळ झाली की मात्र चित्र बदले. सहकारी पव्हेलियनमध्ये बसून चिनी मातीच्या कपांतून चहा पीत. बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवायचे असेल तर पाणी आणून देणारा माणूसही त्यांच्यासारखाच अस्पृश्य असे. जेवणाचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी. तासाभरापूर्वी ज्यांच्यासाठी विकेट काढल्या तेच सहकारी पाच पावलांवर आत बसलेले असत.

याच काळात, १८९३ पासून, पुण्यात लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. आपण आज इथे परमुलखात जो उत्सव करतो त्याचे मूळ तिथले आणि त्या दिवसांतले. त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, छावणीच्या मैदानावर बाळू रूळ ओढत होते. सार्वजनिक म्हणजे सर्व जनांचे. हा शब्द उच्चारायला सोपा आणि आचरायला किती अवघड, हे त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळते.

हळूहळू बाळूंचे नाव झाले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला तेव्हा यजमानांनी म्हणे आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती कठीण करून ठेवली, म्हणजे फिरकी चालू नये. पण ज्याने रूळ ओढण्यातच उमेदवारी केली त्याला खेळपट्टीचे काय शिकवणार? बाळूंनी तिथेही बळी घेतलेच, आणि गावात त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्याला न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना हार घातला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर जेवायलाही बसले पाहिजे, अशा अर्थाचे न्यायमूर्तींनी लोकांना सुनावले असे सांगतात. लोकमान्यांनीही एका सभेत बाळूंचा गौरव केला.

मुंबई, रेल्वे आणि १९०६ चा सामना

पुण्यात प्लेगने थैमान घातले त्या सुमारास बाळू मुंबईला आले. तिथे हिंदू जिमखाना नुकताच, १८९४ मध्ये, सुरू झाला होता. काही सभासदांनी कुरकूर केली, पण पुन्हा गुणवत्तेपुढे माघार घ्यावी लागली. पोटासाठी त्यांनी आधी फौजेकडे आणि मग बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत नोकरी केली. ही कंपनी म्हणजेच १९५१ नंतरची आपली पश्चिम रेल्वे. रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळत. खेळाडूला नोकरी द्यायची आणि त्याने खात्याचे नाव राखायचे, ही आपल्या खात्याची रीत आजही चालू आहे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. काळ कसा होता ते आठवा. आदल्याच वर्षी जपानने रशियाला युद्धात हरवले होते. आशियातला देश युरोपातल्या सत्तेला भारी पडू शकतो हे जगाने पाहिले होते. वंगभंग झाला होता आणि स्वदेशीची चळवळ पेटली होती. अशा वेळी हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या, आणि युरोपियनांना १९१ आणि १०२ धावांत गुंडाळून १०९ धावांनी सामना जिंकला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता, आणि भाऊ शिवरामही संघात होते. पुढच्या वर्षीही युरोपियनांना हार खावी लागली.

इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारणावादी पत्राने या विजयावर लिहिताना धावांपेक्षा संघाच्या रचनेला महत्त्व दिले. पुण्यात जे बाहेर चहा प्यायले ते मुंबईत आपल्या सहकाऱ्यांच्या पंक्तीत बसून जेवू लागले होते, ही त्या पत्राच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. दहा-बारा वर्षांत मातीच्या भांड्यापासून पंक्तीपर्यंत मजल गेली होती. बाळूंनी भाषण केले नव्हते की मोर्चा काढला नव्हता. त्यांनी फक्त विकेट घेतल्या होत्या.

इंग्लंडचा उन्हाळा

१९११ मध्ये भारताचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. संघात पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडू होते. आपल्या बंगळूरकरांना अभिमान वाटावा असे बी. जयरामही त्या संघात होते. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊही निवडले गेले. एका महाराजाच्या संघात चर्मकार घराण्यातले दोघे भाऊ, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

दौरा तसा निराशाजनक झाला. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. महाराज थोडेच सामने खेळले, कारण ते पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यात आणि मेजवान्यांत गुंतलेले होते. त्यांचे चिटणीस असलेले मिस्त्री हे संघातले उत्तम फलंदाज, पण तेही महाराजांच्या दिमतीला. सगळा भार उरलेल्यांवर पडला आणि त्यातला सर्वांत मोठा बाळूंच्या डाव्या खांद्यावर.

१९११ चा इंग्लंडचा उन्हाळा फार कडक आणि कोरडा होता. खेळपट्ट्या टणक, फलंदाजांना धार्जिण्या. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे. शिवाय तिथले हवामान, अन्न, एका मागोमाग एक सामने. तरीही त्यांनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, तेही १९ च्या आतल्या सरासरीने. यांतले ७५ बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी, ही त्यांची कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन काउंटी संघांना भारतीयांनी हरवले. लेस्टरच्या विजयात बाळूंची गोलंदाजी आणि सॉमरसेटच्या विजयात शिवराम यांचे नाबाद शतक मोलाचे ठरले. ज्यांच्या क्लबात त्यांना कधी बॅट मिळाली नव्हती त्यांच्याच देशात जाऊन ही कामगिरी झाली होती.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार झाला. त्या वेळी दिलेले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते असे सांगितले जाते. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. आपल्यातला एक माणूस केवळ गुणांच्या बळावर साता समुद्रापार नाव काढतो, याचे बाबासाहेबांना त्या वयात मोठे कौतुक होते.

कर्णधारपद

आता मी या लेखातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. १९११ नंतर हिंदू संघात बाळूंपेक्षा ज्येष्ठ आणि यशस्वी खेळाडू शोधून सापडला नसता. १९१२ पासून मुसलमान संघही आला आणि मुंबईची स्पर्धा चौरंगी झाली. बाळूंचे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिघेही हिंदू संघाकडून खेळले. एका घरातले चार भाऊ! पण दरवर्षी कर्णधार निवडायची वेळ आली की निवड समिती दुसऱ्याच कोणाचे नाव पुढे करी. विकेट हव्यात तर बाळू, पण नाणेफेकीला जायला, निर्णय घ्यायला आणि इतरांना आज्ञा द्यायला बाळू नकोत.

१९१३ मध्ये कर्णधारपद एम. डी. पै यांना मिळाले. या पै यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. सत्काराच्या प्रसंगी त्यांनी उघड सांगितले की हा मान ज्येष्ठतेने आणि गुणांनी आपले मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. मिळालेली खुर्ची आपली नव्हती हे चारचौघांत सांगायला धाडस लागते. पण पै बोलले तरी समिती हलली नाही.

१९२० मध्ये गोष्ट हातघाईवर आली. बाळूंना मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यातून वगळले. पै आजारी होते. ज्येष्ठतेने कर्णधारपद विठ्ठल यांच्याकडे यायला हवे होते, पण ते त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या प्रा. दि. ब. देवधर यांना दिले. देवधर मोठे खेळाडू, त्यात शंका नाही. प्रश्न त्यांचा नव्हताच. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली. जातीवरून मान नाकारला जात असेल तर आम्ही खेळणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. त्याच सुमारास देशात महात्मा गांधींची असहकाराची हाक घुमत होती आणि अस्पृश्यता हा राष्ट्रावरचा कलंक आहे असे सभांतून बोलले जात होते. लोकमत पालवणकर बंधूंच्या बाजूने उभे राहिले.

पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परत आले. बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलावले आणि भाऊही परतले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा बाळूंनी संघाची सूत्रे हाती घेतली. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, कारकिर्दीच्या अगदी शेवटी, काही वेळापुरते. बाळू पालवणकरांच्या वाट्याला आलेले कर्णधारपद ते एवढेच.

पण दार किलकिले झाले होते. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन नाचवले. त्यात सवर्ण समाजातली मंडळीही होती. पुढे १९२५ आणि १९२६ मध्येही त्यांच्या नेतृत्वाखाली संघ जिंकला. विठ्ठल यांनी उत्तरायुष्यात आपल्या क्रीडाजीवनावर मराठीत पुस्तक लिहिले. रूळ थोरल्याने ओढला आणि त्यावरून धाकटा धावला, असेच म्हणावे लागेल.

राजकारणाची खेळपट्टी

बाळूंची प्रथम दर्जाच्या सामन्यांतली कारकीर्द आकड्यांत मांडायची तर ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. खेळ सुटल्यावर त्यांनी समाजकारणात आणि राजकारणात लक्ष घातले. दलितांनी हिंदू समाजात राहूनच आपले हक्क मिळवावेत असे त्यांचे मत होते. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. १९३२ मध्ये येरवड्याला गांधीजींचे उपोषण चालू असताना ज्या वाटाघाटी झाल्या आणि पुणे करार झाला, त्यात एम. सी. राजा यांच्याबरोबर बाळूंचाही सहभाग होता.

यामुळे ज्या तरुणाने एकेकाळी त्यांचा गौरव केला त्या डॉ. आंबेडकरांशीच त्यांचा मार्ग वेगळा झाला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसतर्फे बाळू उभे राहिले, तर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे स्वतः बाबासाहेब. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. बाळू २,०२० मतांनी हरले.

या प्रकरणावर आजही मतभेद आहेत आणि आपल्या मंडळातही असतील. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पण बाळूंचेच आयुष्य समोर ठेवले तर मला दोघांचेही म्हणणे त्यात सापडते. मातीच्या भांड्यापासून पंक्तीपर्यंत आणि पंक्तीपासून विठ्ठल यांच्या कर्णधारपदापर्यंतचा प्रवास बाळूंनी स्वतः पाहिला होता. समाज बदलतो, आतूनच बदलतो, असा विश्वास त्यांना वाटला तर नवल नाही. आणि ११४ बळी घेणाऱ्या माणसालाही जिथे कर्णधारपद मिळत नाही, तिथे ज्याला चेंडू टाकता येत नाही अशा लाखो सामान्य माणसांनी कशाच्या भरवशावर वाट पाहायची, हा बाबासाहेबांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. मान मिळवण्यासाठी आधी अलौकिक व्हावे लागणे, हाच मुळात अन्याय आहे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकरांचे निधन झाले. तोपर्यंत भारत कसोटी सामने खेळू आणि जिंकू लागला होता. नवी पिढी त्यांना जवळजवळ विसरली होती. २००२ मध्ये रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला आणि बाळूंचे नाव पुन्हा लोकांसमोर आले. गुहा हे बंगळूरकर. धारवाडला जन्मलेल्या या मराठी खेळाडूची आठवण आपल्याच शहरातल्या माणसाने जागवली, ही आपल्यासाठी समाधानाची बाब आहे.

माझी एक यादी

लेख इथे संपवता आला असता. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मन मोकळे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी नेमणुकीवर असताना तिथे विभागांतर्गत क्रिकेट सामने होते. आमच्या हाताखाली एक ट्रॅकमन होता. रोज रुळांवर सात-आठ किलोमीटर चालणारा, काटक. संध्याकाळी तो आम्हाला सरावासाठी गोलंदाजी करी. महिनाभर त्याने आम्हा इंजिनिअर लोकांचे दांडके उडवले. खेळपट्टीवर पाणी मारणे, मॅटिंग अंथरणे, जाळी बांधणे हेही तोच करी. सामन्याची यादी करायची वेळ आली तेव्हा अकरावे नाव राहिले होते. त्याचे घालावे की ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे, असा प्रश्न आला. सहकाऱ्याला खेळ जेमतेम येत होता. पण साहेबांच्या ओळखीचा होता, आपल्यात बसणारा-उठणारा होता. कोणी काही म्हणाले नाही. यादी माझ्या हाताने लिहिली गेली आणि त्यात ट्रॅकमनचे नाव नव्हते. त्याची जात कोणी विचारली नव्हती, मीही नाही. विचारायची गरजच पडली नाही, त्याच्या हुद्द्यानेच काम भागले.

सामन्याच्या दिवशी त्याने मॅटिंग अंथरले, खिळे ठोकले आणि सीमारेषेवर उभा राहून आम्हाला टाळ्या वाजवल्या. आम्ही हरलो. हरलो याचे वाईट वाटले नाही. संध्याकाळी तो स्टंप गोळा करत माझ्याकडे आला आणि उद्या सराव किती वाजता ठेवायचा, एवढेच विचारले. त्या वेळी मला काय वाटले ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. बाळू पालवणकरांविषयी मी नंतर वाचले आणि पै यांच्यापाशी येऊन थांबलो. पै समिती बदलू शकले नाहीत, पण ते निदान बोलले. मी यादी लिहिली आणि गप्प बसलो.

आपण घरापासून दूर इथे येऊन राहिलो आहोत. परक्या गावात आपल्याला मान मिळावा, नुसते कामापुरते विचारले जाऊ नये, असे आपल्याला वाटत असते. मग आपल्या उत्सवात मांडव बांधणारे, खुर्च्या लावणारे, विसर्जनानंतर मैदान झाडणारे यांच्याकडे आपण कसे पाहतो? वर्गणीच्या पावतीवर नाव असते त्यालाच आरतीचे ताट, असा नियम कोणी लिहिलेला नाही. तरीही वर्षानुवर्षे ताट त्याच हातांतून फिरते. यंदा एका संध्याकाळी तरी ते ताट मांडववाल्यांच्या हाती द्यावे, अशी माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. ही सूचना मी पुढच्या सभेत तोंडीही मांडणार आहे. या वेळी गप्प बसणार नाही.

बाळूंना विद्येची संधी फार मिळाली नाही, पण चेंडूवरची त्यांची विद्या कोणाला हिरावून घेता आली नाही. विद्येच्या अधिपतीपुढे त्यांचे स्मरण करून हा लेख पुरा करतो. काही चुकले असल्यास सर्वांनी सांभाळून घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!